आयुक्तसाहेब, दहा सामने कमी करा

प्रति,
श्री. अ‍ॅडम सिल्व्हर,
आयुक्त, नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, न्यू यॉर्क



२१ ऑक्टोबर २०२५ला तुमच्या लीगचा नवा हंगाम सुरू झाला, आणि सुरुवात अशी झाली की या खेळावर जीव असलेल्या माणसाने आणखी काही मागू नये. गतविजेत्या ओक्लाहोमा सिटी थंडरने पहिल्याच रात्री विजेतेपदाच्या अंगठ्या घातल्या आणि केविन ड्युरँटला नव्याने संघात घेतलेल्या ह्यूस्टन रॉकेट्सला दोनदा जादा वेळ खेळून १२५-१२४ असे, अवघ्या एका गुणाने हरवले. दोनच दिवसांनी हाच संघ इंडियानात गेला. तिथेही दोनदा जादा वेळ लागली, आणि शे गिल्जस-अलेक्झांडरने एकट्याने ५५ गुण करून सामना १४१-१३५ असा काढला. मधल्या दिवशी डॅलसमध्ये व्हिक्टर वेम्बान्यामाने ४० गुण आणि १५ रिबाऊंड घेतले होते. खांद्यात रक्ताची गुठळी झाल्यामुळे फेब्रुवारीपासून घरी बसलेला हा मुलगा परत येऊन असा खेळेल, असे त्याच्या चाहत्यांनाही वाटले नव्हते. त्याच्या सॅन अँटोनिओ स्पर्सनी पहिले पाचही सामने जिंकले. पाच विजेतेपदे मिळवलेल्या त्या संघाच्या इतिहासात अशी सुरुवात याआधी कधी झाली नव्हती.

डेट्रॉइटबद्दल तर मी भरभरून लिहू शकेन. २०२३-२४च्या हंगामात पिस्टन्स लागोपाठ २८ सामने हरले, ८२पैकी जेमतेम १४ जिंकले. त्या संघाने यंदा लागोपाठ १३ सामने जिंकून आपल्याच जुन्या विक्रमाची बरोबरी केली आणि पूर्व विभागात पहिले स्थान गाठले. केड कनिंगहॅम त्या २८ पराभवांतही होता आणि या १३ विजयांतही आहे. तारे विकत घेऊन संघ उभा करण्याच्या काळात, हरणाऱ्या मुलांनाच धीर देत, एकत्र ठेवत कोणी वर आणले की मन भरून येते. तुमच्या लीगची खरी श्रीमंती या गोष्टींत आहे, आणि त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जन्म घेतात. एप्रिलपर्यंत सगळे ठरून गेलेले असते. हंगामाच्या सुरुवातीला मात्र कोणीही कोणीही होऊ शकतो.

म्हणूनच हे पत्र. या सुरुवातीच्या दोन महिन्यांना तुमचे वेळापत्रकच आतून पोखरत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

वेम्बान्यामाचेच घ्या. नोव्हेंबरच्या मध्यावर त्याची डावी पोटरी ताणली गेली आणि बारा सामने गेले. डॅलसच्या अँथनी डेव्हिसची पोटरी ऑक्टोबर संपण्याआधीच गेली. मिलवॉकीचा यानिस अँटेटोकुंपो डिसेंबरच्या सुरुवातीला डेट्रॉइटविरुद्ध, कोणाचा धक्का लागलेला नसताना, पोटरी धरून खाली बसला. लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सचा हा तेविसावा हंगाम. आजवर एवढे हंगाम कोणी खेळलेले नाही. पण पहिले १४ सामने त्याने सायटिकामुळे गमावले. जेमतेम पंचवीस-सव्वीस सामने झालेल्या हंगामात, कोणता संघ कुठे जाईल हे सांगायचे तर आता प्रशिक्षकाची आखणी पाहून भागत नाही. दुखापतींची यादी पाहावी लागते. थंडर पहिल्या २५ सामन्यांपैकी २४ जिंकला याचे एक मोठे कारण असे की त्यांच्याकडे दहा-अकरा जण एकसारखे तयार आहेत. जेलन विल्यम्ससारखा मोहरा मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे पहिले अनेक सामने बाहेर असूनही त्यांचे काही अडले नाही. ही त्यांची दूरदृष्टी, तिला माझा सलाम. पण बाकीच्यांचे काय?

बाकीच्यांचे काय होते ते इंडियाना पेसर्सकडे पाहून कळते. या संघाशी आम्हा मराठी माणसांचे एक छोटे नाते आहे, ते तुम्हीच जोडून दिलेले. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ला तुम्ही पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज यांना मुंबईत आणले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन संघ भारतात पहिल्यांदाच आमनेसामने आले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच जन्मलेले. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत शाळकरी मुलेच मुले होती, आणि तो सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. त्या दिवशी पेसर्सकडून मायल्स टर्नर आणि डोमांटास सबोनिस खेळत होते, समोर किंग्जकडून बडी हील्ड. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये याच दोन संघांनी मोठी अदलाबदल केली: सबोनिस सॅक्रॅमेंटोला गेला, हील्ड इंडियानात आला, आणि त्याच्याबरोबर आला टायरिस हॅलिबर्टन नावाचा एक हसरा, सडपातळ मुलगा.

त्या हॅलिबर्टनने पेसर्सना २०२५च्या अंतिम फेरीत नेले. मालिका ३-३ अशी बरोबरीत आली. पाचव्या सामन्यातच, १६ जूनला, त्याची पोटरी दुखावली होती. तरी तो सहावा सामना खेळला. २२ जूनला सातव्या सामन्यात उतरून त्याने पहिल्या काही मिनिटांत तीन गुणांचे तीन शॉट टाकले. मग चेंडू घेऊन पुढे झेपावताना पडला आणि जमिनीवर हात आपटू लागला. अकिलीस टेंडन तुटला होता. पेसर्स १०३-९१ असे हरले, आणि २०२५-२६चा संपूर्ण हंगाम तो खेळणार नाही हे पुढच्या काही दिवसांतच जाहीर झाले.

आता याची साखळी पाहा. एप्रिलमध्ये, प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, याच पेसर्सविरुद्ध खेळताना मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डचा अकिलीस तुटला होता. मेमध्ये न्यू यॉर्कला बॉस्टनच्या जेसन टेटमचा तुटला. जूनमध्ये हॅलिबर्टनचा. एका प्लेऑफमध्ये तीन मोठे खेळाडू, आणि तिघेही शून्य क्रमांकाची जर्सी घालणारे. लोकांनी त्याला शाप म्हटले. मला शापाचे काही वाटत नाही, मला नंतर जे घडले त्याचे वाटते. लिलार्ड वर्षभर खेळणार नाही म्हटल्यावर मिलवॉकीने त्याचा करार मोडला, त्याचे उरलेले पैसे पुढच्या वर्षांवर वाटून टाकले आणि मोकळ्या झालेल्या जागेत इंडियानाच्या मायल्स टर्नरला नेले. दहा वर्षे एकाच संघात राहिलेला, वरळीत खेळून गेलेला टर्नर असा एका तुटलेल्या टेंडनमुळे दुसऱ्या राज्यात गेला. बॉस्टनने टेटमविना खर्च झेपणार नाही म्हणून ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना सोडले. जेलन ब्राऊनने तो संघ यंदा कसाबसा नव्हे, चांगला सावरला, हे त्याचे मोठेपण. पेसर्सना मात्र सावरता आले नाही. टी. जे. मॅककॉनेल, अँड्र्यू नेम्हार्ड, बेनेडिक्ट मॅथुरिन, ओबी टॉपिन हे सगळे सुरुवातीच्या काही आठवड्यांतच एकामागून एक बाहेर गेले. जूनमध्ये विजेतेपदापासून एक सामना दूर असलेला संघ डिसेंबरमध्ये पूर्व विभागाच्या तळाशी पडला आहे. आणि सॅक्रॅमेंटो? सबोनिसचा गुडघा नोव्हेंबरमध्ये गेला, किंग्जही पश्चिमेत तळाशी. मुंबईने पाहिलेल्या दोन्ही संघांचा हंगाम नाताळ यायच्या आत संपल्यात जमा आहे.

हा नशिबाचा भाग आहे, असे तुमच्या कार्यालयातून कोणी म्हणेल. थोडा आहेही. पण शरीराची रचना सगळ्यांना ठाऊक आहे. पोटरीचे मोठे स्नायू खाली येऊन ज्या बंधाने टाचेला जोडले जातात, तोच अकिलीस. पोटरी दुखावलेला माणूस पुरता बरा होण्याआधी धावला तर ताण त्या बंधावर जातो, असे डॉक्टर सांगतात. ड्युरँटचे २०१९मध्ये हेच झाले. प्लेऑफमध्ये पोटरी दुखावली, महिनाभर बसला, १० जूनला टोरँटोत अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात परतला आणि पायच गेला. सहा वर्षांनी हॅलिबर्टनने तीच वाट धरली. त्याच्या हिमतीला मी नावे ठेवणार नाही. विजेतेपद समोर असताना कोणता खेळाडू बाकावर बसेल? पण आठ महिन्यांच्या दमछाकीनंतर त्याला त्या दारात आणून उभे करणारे वेळापत्रक हिमतीच्या नावाखाली सुटता कामा नये.

खेळही बदलला आहे, आणि तो तुमच्याच काळात बदलला. २०१२-१३मध्ये एक संघ एका सामन्यात तीन गुणांचे सुमारे २० शॉट घेत असे. २०२४-२५मध्ये ते ३७च्या वर गेले. पूर्वी उंच खेळाडू बास्केटखाली उभे राहून अंगाला अंग भिडवत. आता पाचही जण मैदानभर पसरतात, आणि बचाव करणाऱ्याला दर वेळी आतून बाहेर धावत जाऊन, एकदम थांबून, पुन्हा उलट दिशेने उसळावे लागते. ते थांबणे आणि उसळणे पोटरीवरच येते. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी नोव्हेंबरमध्ये हेच सांगितले: वेग वाढला, अंतर वाढले, आणि त्यात लागोपाठचे सामने. त्यांच्या वैद्यकीय पथकालाही दुखापतींचे मूळ इथेच दिसते. कर हे बरीच वर्षे सांगत आहेत. ते स्वतः खेळाडू म्हणून पाच वेळा विजेते ठरले, प्रशिक्षक म्हणून चार वेळा. त्यांचे म्हणणे कुरकुर म्हणून बाजूला सारता येणार नाही.

८२ हा आकडा १९६७-६८पासून चालत आला आहे. तेव्हा लीगमध्ये १२ संघ होते. आज ३० आहेत, आणि मायामीपासून पोर्टलंडपर्यंत सारा देश विमानाने तुडवावा लागतो. एका संघाला हंगामात साधारण पंधरा वेळा लागोपाठच्या दोन रात्री खेळावे लागते, बऱ्याचदा मधल्या रात्री विमान पकडून. ८२ या आकड्यात पवित्र असे काही नाही, सवयीने तो टिकला आहे.

तुमची बाजू मी समजून घेतली आहे. २०२४च्या सुरुवातीला लीगने संघांना एक अभ्यास पाठवला: सामने गाळून खेळाडूला विश्रांती दिली म्हणून दुखापती कमी होतात, असा पुरावा सापडत नाही. मी तो खोटा मानत नाही. पण त्याने उत्तर दिले ते वेगळ्या प्रश्नाला. ८२ सामन्यांच्या घाईत मधलाच एखादा सामना गाळणे आणि मुळात सामन्यांमध्ये पुरेसे दिवस ठेवणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दुसरी गोष्ट तुमच्या लीगने कधी करून पाहिलीच नाही. १९९८-९९मध्ये ५० सामने झाले, २०११-१२मध्ये ६६, २०२०-२१मध्ये ७२. पण तिन्ही वेळा दिवसही कमी केले आणि सामने आणखी दाटले. २०२०-२१चा हंगाम तर आधीच्या अंतिम फेरीनंतर ७१ दिवसांत सुरू झाला, आणि त्या वर्षी दुखापतींनी प्लेऑफची काय दशा केली ती सगळ्यांनी पाहिली. म्हणून निव्वळ आकडा कमी करा असे मी म्हणत नाही. सामने ७२ करा आणि दिवस आहेत तेवढेच ठेवा. ऑक्टोबर अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या त्याच काळात ७२ सामने बसवले तर लागोपाठच्या रात्रींचे सामने जवळजवळ पूर्ण काढता येतात.

युरोपकडे बोट दाखवणारे पुष्कळ आहेत. युरोलीगचे संघ यंदा ३८ फेऱ्या खेळतात, सामना ४० मिनिटांचा. पण तेच संघ आपापल्या देशाच्या लीगमध्येही खेळतात, त्यामुळे एकूण भार काही हलका राहत नाही. ते उदाहरण मी वापरणार नाही. एप्रिल २०२५मध्ये तुम्ही स्वतः १० मिनिटांच्या क्वार्टरची कल्पना बोलून दाखवली होती. ती मला पटत नाही. सामना ४८ मिनिटांचा आहे म्हणूनच पंधरा गुणांची पिछाडी भरून काढायला वेळ मिळतो, आणि हॅलिबर्टनने गेल्या प्लेऑफमध्ये शेवटच्या सेकंदांत जे सामने फिरवले ते त्या लांबीतच घडले. सामना आहे तसा राहू द्या, सामन्यांची संख्या घटवा.

मग ६५ सामन्यांचा नियम. २०२३-२४पासून तुम्ही ठरवले की सर्वोत्तम खेळाडूसारख्या सन्मानासाठी किमान ६५ सामने खेळलेच पाहिजेत. हेतू चांगला होता. पैसे मोजून आलेल्या मुलाला त्याचा आवडता खेळाडू दिसावा, हे मलाही हवे आहे. पण म्हणजे १७पेक्षा जास्त सामने हुकले की वर्ष वाया, आणि वेम्बान्यामाचे बारा डिसेंबरच्या मध्यातच गेलेले. आता पुढचे चार महिने पोटरी जरा कुरकुरली तरी त्याने बसायचे की खेळायचे, हे त्याच्या डॉक्टरऐवजी तुमचा नियम ठरवणार. थकलेल्या खेळाडूला जबरदस्तीने खेळवणारा नियम करण्यापेक्षा थकवा कमी करणारे वेळापत्रक करा. ७२ सामन्यांत तेच प्रमाण ५७ सामन्यांचे होते. ते कोणालाही जाचणार नाही.

आणखी एक बाब आहे, आणि ती लिहिताना मला बरे वाटत नाही. हंगाम सुरू होऊन दोनच दिवस झाले होते, तेव्हा अमेरिकी तपास यंत्रणेने सट्टेबाजी आणि जुगाराच्या प्रकरणांत एका संघाच्या प्रशिक्षकाला आणि एका खेळाडूला अटक केली. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, त्यामुळे व्यक्तींबद्दल मी काही बोलणार नाही. पण सट्टेबाजीच्या आरोपांचा गाभा काय आहे ते पाहा: कोण खेळणार, कोण बसणार, कोण लवकर बाहेर जाणार ही आतली माहिती विकली गेली. ज्या लीगमध्ये रोज संध्याकाळपर्यंत कोण उतरणार हे सांगता येत नाही, तिथे त्या माहितीला भाव येणारच. खेळाडू ठरल्याप्रमाणे मैदानात दिसू लागले तर हा बाजार बराचसा आपोआप आटेल. नियम कडक करा, जरूर करा. पण मुळाशी असलेली अनिश्चितताही कमी करा.

राहता राहिला पैसा. दहा सामने कमी म्हणजे प्रत्येक संघाचे घरचे पाच सामने कमी, तिकिटे गेली, स्थानिक प्रक्षेपणाचे पैसे गेले. खेळाडूंना लीगच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो, म्हणजे तेही झळ सोसणार. खेळाडूंच्या संघटनेनेही हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे; विश्रांती हवी आणि पगार एक पैसाही कमी नको, असे दोन्ही मागता येणार नाही. तरी परिस्थिती आज जितकी अनुकूल आहे तितकी कधी नव्हती. याच हंगामापासून तुमचा अकरा वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा नवा प्रक्षेपण करार लागू झाला आहे. नाशिकचा द्राक्ष बागायतदार घडातले मणी हाताने विरळतो, तेव्हा माल कमी होईल म्हणून तो घाबरत नाही. उरलेले मणी भरतील आणि भाव देतील, हे त्याला माहीत असते. तुमच्या १,२३० सामन्यांतले १५० विरळले तर उरलेले १,०८० तसेच भरतील.

त्याची चुणूक तुम्हीच दाखवली आहे. २०२३मध्ये तुम्ही हंगामातच एनबीए चषक सुरू केला तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. मला तो आवडला, आणि यंदा तर फारच. १३ डिसेंबरला लास व्हेगासमध्ये उपांत्य सामन्यात वेम्बान्यामा बाकावरून उठून आला, २२ गुण केले, आणि २४-१ अशा दिमाखात आलेल्या थंडरला स्पर्सनी १११-१०९ असे रोखले. तीन दिवसांनी न्यू यॉर्क निक्सनी स्पर्सना १२४-११३ असे हरवून चषक नेला. डिसेंबरातला सामना एवढ्या चुरशीचा का झाला? कारण त्यात काहीतरी पणाला लागले होते आणि दोन्ही संघांकडे खेळणारी माणसे होती. एवढेच लागते.

हंगामातल्या आणखी दोन रात्री मी विसरू शकत नाही. ४ डिसेंबरला टोरँटोत लेब्रॉनचे आठच गुण झाले होते. जानेवारी २००७पासून लागोपाठ १,२९७ सामन्यांत त्याने किमान दहा गुण केले होते. शेवटच्या क्षणी चेंडू त्याच्या हातात होता; त्याने तो मोकळ्या रुई हाचिमुराकडे दिला, हाचिमुराने तीन गुण टाकले, लेकर्स जिंकले आणि अठरा वर्षांची मालिका संपली. आणि १५ डिसेंबरला युटात अठरा वर्षांच्या कूपर फ्लॅगने ४२ गुण केले. एक जण निघण्याच्या तयारीत, एक जण नुकता आलेला. तुमच्या लीगमध्ये आज हे दोन्ही एकाच महिन्यात पाहायला मिळते. मुंबईत नागपाड्याच्या बच्चूखान मैदानावर खेळणाऱ्या पोरांना, पुण्या-नागपुरात सकाळी सहाला फोनवर सामना लावणाऱ्यांना, आम्हा सगळ्यांना ते पाहायचे आहे. आम्हाला सामने कमी मिळाले तरी चालतील. त्यांत हे खेळाडू असावेत.

संधीही चालून आली आहे. सिएटल आणि लास व्हेगासला नवे संघ द्यायचे की नाही, हे २०२६मध्ये ठरवू असे तुम्ही म्हणाला आहात. ३२ संघ झाले तर वेळापत्रक मुळापासून नव्याने मांडावेच लागेल. खेळाडूंच्या संघटनेशी झालेला सध्याचा करार २०२९-३०पर्यंत आहे. तोवर थांबलात तर आणखी किती हॅलिबर्टन आणि किती टेटम वर्षभर बाकावर बसतील ते मोजायची वेळ येऊ देऊ नका. संघमालकांच्या पुढच्या बैठकीत ७२ सामन्यांचा, त्याच दिवसांत बसणारा, लागोपाठच्या रात्री नसलेला आराखडा तुमच्या नावाने ठेवा. मालक लगेच हो म्हणणार नाहीत. तरी ठेवा.

आपला,
मुंबईहून सामने पाहणारा एक मराठी चाहता